सिक्वेन्सरवर ट्रॅक बनवताना ठेका जपायचा कसा

सोलापुरात एकाच लग्नाच्या स्टेजवर मराठी, तेलुगू आणि कन्नड गाणी लागोपाठ होतात. गायक बदलला की पट्टी बदलते. वाजवणारे मात्र बऱ्याचदा दोघेच, ढोलकी आणि कीबोर्ड. मग बेस, कॉर्ड आणि मधले म्युझिक पीस वर्कस्टेशनच्या (रेकॉर्डिंगची सोय असलेल्या कीबोर्डच्या) सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे वाजवलेलं नोंदवून पुन्हा वाजवणाऱ्या भागात, आधीच वाजवून ठेवावे लागतात. इथे ती पद्धत एका केहरव्यातल्या गाण्यासाठी दिली आहे.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. सिक्वेन्सरच्या मिडी ट्रॅकमध्ये आवाज साठत नाही. कोणता स्वर कधी दाबला, किती जोरात दाबला आणि कधी सोडला, एवढंच साठतं. म्हणून नंतर टोन, टेम्पो आणि पट्टी बदलली तरी आवाज फाटत नाही.

सुरुवात मीटरपासून

मीटर म्हणजे एका बारमध्ये, ठेक्याच्या एका घरात, किती मात्रा बसतात ते. केहरव्याच्या ८ मात्रा ४/४ च्या एका बारमध्ये बसवा. दादऱ्याला ६/८ आणि रूपकाला ७/८ लावा. बहुतेक मशिनांत टेम्पोचा आकडा पाव नोटचा (४/४ मधल्या चारपैकी एका ठोक्याचा) असतो आणि या मांडणीत आपली एक मात्रा त्याच्या निम्मी असते. मिनिटाला १८० मात्रांचा दादरा हवा असेल तर टेम्पो ९० ठेवा. मीटर रेकॉर्डिंगच्या आधीच ठरवा. नंतर बदललं तर बारच्या रेघा सरकतात आणि सम कुठे आहे तेच सापडत नाही.

पहिला बार रिकामा सोडा. टोन, व्हॉल्यूम आणि इफेक्ट यांच्या सूचना मशिनला त्यात वाचू द्या. गाणं दुसऱ्या बारपासून सुरू करा. समेच्या किंचित आधी पडलेला पहिला स्वर काउंट-इनमध्ये (रेकॉर्डिंगआधीच्या मोजणीत) हरवतो, तोही यामुळे वाचतो.

पहिला ट्रॅक ढोलकीचा

ढोलकी स्टेजवर प्रत्यक्ष वाजणार असली तरी गाइड म्हणून आधी ती भरा आणि शेवटी म्यूट करा. नुसत्या मेट्रोनोमवर बेस वाजवला की तो सरळसोट येतो. ठेक्यावर वाजवला की डोलतो. निदान ४ आवर्तनं हाताने वाजवा. एकच आवर्तन कॉपी करून अख्खं गाणं भरू नका, दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत कानाला कंटाळा येतो.

रेकॉर्ड करताना क्वांटाइझ, म्हणजे स्वर ओढून ठरावीक चौकटीवर बसवणं, बंद हवं. कॉर्गच्या मशिनांत त्यासाठी रेझोल्यूशन ‘हाय’ ठेवतात. मूळ वाजवणं जसंच्या तसं राहिलं तर दुरुस्ती नंतर हवी तेवढी करता येते. आधीच चौकटीत बसवलेलं परत मोकळं होत नाही.

त्यानंतर बेस, मग कॉर्ड, मग म्युझिक पीस, आणि शेवटी पॅड (मागे लांब धरलेला सूर) किंवा स्ट्रिंग्ज. बेस ढोलकीच्या डग्ग्याशी जुळला की बाकीचं आपोआप जागेवर बसतं. तो जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

क्वांटाइझ: सगळ्यात जास्त ट्रॅक इथेच बिघडतात

कॉर्ग क्रोनोस, यामाहा मोटिफ अशा मशिनांत पाव नोटचे ४८० टिक, म्हणजे वेळेचे बारीक भाग, असतात. म्हणजे १/१६ ची चौकट १२० टिकची आणि केहरव्याची मात्रा २४० टिकची. टेम्पो १०० असेल तर एक टिक १.२५ मिलिसेकंदाचा. ढोलकीवाला एखादा बोल १५ टिक मागे टाकतो, म्हणजे जेमतेम १९ मिलिसेकंद. पण ठेक्याची सगळी चाल त्यातच असते. १/१६ चं क्वांटाइझ १०० टक्के लावलं की ती पुसली जाते.

लग्गीचं, म्हणजे जलद बोलांच्या भागाचं, नुकसान आणखी मोठं. २०-३० टिकच्या अंतराने पडलेल्या दोन थापा एकाच टिकवर जाऊन बसतात आणि दोन बोलांऐवजी एकच पोकळ ठोका ऐकू येतो. म्हणून लग्गी आणि तुकड्यांचे बार क्वांटाइझमधून वगळा. सरळ ठेक्याला ताकद ५० ते ६० टक्के ठेवा, बेसला ७० पर्यंत चालेल. यादीत नोट, कंट्रोल, पिच बेंड असे वेगळे पर्याय दिसले तर फक्त नोट निवडा. बेंड क्वांटाइझ झाला की मींड पायऱ्यांसारखी तुटक ऐकू येते.

एखादाच स्वर खटकत असेल तर सगळा ट्रॅक हलवण्यापेक्षा इव्हेंट एडिटमध्ये (एकेक नोंद दाखवणाऱ्या यादीत) जाऊन तेवढाच स्वर १०-२० टिक पुढे-मागे करा. वेळ लागतो, पण गाणं जिवंत राहतं.

दुरुस्ती करताना

बऱ्याच मशिनांत अन-डू किंवा कम्पेअर एकच पाऊल मागे नेतं. मोठ्या एडिटआधी गाणं पुढच्या रिकाम्या नंबरवर कॉपी करा.

इरेझ आणि डिलीट यांत गल्लत करू नका. इरेझ बार रिकामा करतं. डिलीट बार काढून टाकतं आणि पुढचं सगळं मागे ओढतं. एकाच ट्रॅकवर डिलीट केलं तर तो ट्रॅक तिथून पुढे शेवटपर्यंत एक बार आधी वाजतो.

पंच-इन केलेल्या (मधलाच तुकडा पुन्हा रेकॉर्ड केलेल्या) जागेनंतर स्वर बेसूर राहिला तर तिथे पिच बेंड अडकलेला असतो. शून्य बेंडचा इव्हेंट टाका. स्वर थांबतच नसेल तर सस्टेन पेडल, म्हणजे कंट्रोल ६४, शून्य करा. मिक्सिंगमध्ये कमी केलेला आवाज ठरावीक बारला पुन्हा उसळत असेल तर रेकॉर्ड करताना नॉब फिरल्यामुळे कंट्रोल ७ (व्हॉल्यूम) ट्रॅकमध्ये शिरला आहे. तो इव्हेंट काढा. चढ-उतार हवेच असतील तर कंट्रोल ११ (एक्स्प्रेशन) वापरा.

पट्टी बदलताना

काळी एकमधलं गाणं काळी चारला न्यायचं तर ७ सेमीटोन (काळ्या-पांढऱ्या धरून ७ पट्ट्या) वर किंवा ५ खाली. कॉर्ड आणि स्ट्रिंग्ज ५ खाली घ्या. बेस मात्र ७ वर न्या, कारण खाली नेला तर स्टेजच्या स्पीकरवर तो नुसता घुमतो. ढोलकी आणि ड्रमच्या ट्रॅकला ट्रान्सपोज लावू नका. तिथे प्रत्येक की म्हणजे वेगळं वाद्य असतं, त्यामुळे डग्ग्याच्या जागी भलताच आवाज निघतो.

सेव्ह आणि स्टेज

कॉर्ग ट्रायटन, क्रोम, क्रोनोस यांत सिक्वेन्सरमधलं गाणं मशिन बंद केलं की जातं. प्रत्येक ट्रॅक झाला की सेव्ह करा. गाण्याबरोबर बनवलेले टोनही सेव्ह करा, नाहीतर फाइल उघडते पण बासरीच्या जागी दुसराच टोन वाजतो. एक प्रत पेन ड्राइव्हवर किंवा कार्डवर वेगळी ठेवा.

मंगल कार्यालयात लाईट जाऊन जनरेटर लागेपर्यंतचे काही सेकंद गाणी जायला पुरेसे असतात. मोठ्या वर्कस्टेशनला पुन्हा सुरू व्हायला मिनिटाहून जास्त लागतं, शिवाय गाणी परत लोड करावी लागतात. कीबोर्डपुरता छोटा यूपीएस लावाच.

मशिनला वेगळे आउटपुट असतील तर मेट्रोनोम त्यातल्या एकावर काढा आणि हेडफोनने फक्त ढोलकीवाल्याला द्या. त्याला क्लिक ऐकू येत नसेल तर तिसऱ्या गाण्यापर्यंत तो उत्साहात पुढे निघतो, आणि सिक्वेन्सर कुणासाठी थांबत नाही.