आधी बोट बांधा, मग बिऱ्हाड

मरीनात, म्हणजे खाजगी बोटींच्या बंदरात, बर्थ (बोट बांधायची जागा) मिळाला की लोकांना वाटतं, गाडी पार्क केली, आता किल्ली खिशात. गाडी उभी केली की उभी राहते. बोट रात्रंदिवस हलत असते, आणि आपण तिथे नसताना जरा जास्तच हलते. माझी दहा मीटरची शिडाची बोट गेली नऊ वर्षं मरीनात आहे, त्यातली चार परदेशात. भर समुद्रात तिचं जेवढं बिघडलं, त्याच्या दुप्पट धक्क्याला बांधलेली असताना बिघडलं.

बर्थ घेण्याआधी बोटीची लांबी स्वतः टेप लावून मोजा. भाडं लांबीवर असतं, पण ती कागदावरची लांबी नव्हे. पुढे आलेला नांगर, मागची पाण्यात उतरायची फळी, सगळं धरतात. माझी दहाची बोट पहिल्याच बिलात पावणेअकराची झाली. तावातावाने भांडायला गेले, दोघांनी मिळून टेप धरली, तर पावणेअकराच भरली. कॅटमरान (दोन सांगाड्यांची रुंद बोट) असेल तर बऱ्याच ठिकाणी दीडपट भाडं मोजायची तयारी ठेवा.

शांत दुपारी जागा बघून सही करू नका. जोराचा वारा कुठून येतो हे ऑफिसातला नकाशा सांगत नाही, शेजारच्या बोटींचे दोर सांगतात. ज्या बाजूचे दोर जाड, दुहेरी आणि झिजलेले दिसतील, त्रास तिकडून येतो असं समजा.

आपले दोर बांधताना पुढचा आणि मागचा करकचून आवळायचा मोह होतो. तो आवरा. बोट जागेवर धरतात ते दोन तिरके दोर, ज्यांना स्प्रिंग म्हणतात: एक पुढून निघून धक्क्यावर मागच्या बाजूला बांधलेला, दुसरा मागून पुढे. हे नसतील तर प्रत्येक लाटेला बोट पुढेमागे हिसके देते. दोर नायलॉनचे घ्या. नायलॉन ताणतो, म्हणून हिसका खुंट्यापर्यंत पोचत नाही. धक्का तरंगता असेल तर तो पाण्याबरोबर चढतो-उतरतो, काळजी नाही. दगडी भिंत असेल तर भरती-ओहोटीचा हिशेब करून दोर लांब आणि सैल ठेवावे लागतात. हा हिशेब जागोजागी बदलतो. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी पाणी जेमतेम वीतभर-हातभर हलतं. फ्रान्सच्या सँ-मालोला उधाणाला फरक १२ मीटरच्या वर जातो.

दोर सहसा मधे तुटत नाही. बोटीच्या कडेवरून जिथे वळतो तिथे तुटतो. दर भेटीत त्या वळणावर हाताचं बोट फिरवून बघा. कापसासारखी लव हाताला लागली की दोर चार बोटं सरकवायची वेळ झाली. बागेत पाणी घालायच्या जुन्या पाइपचा हातभर तुकडा दोरावर चढवून त्या जागी बसवा. यापेक्षा स्वस्त विमा मला माहीत नाही.

निघताना तळाचे सगळे कॉक (समुद्राचं पाणी आत-बाहेर नेणाऱ्या पाइपांच्या तोट्या) बंद करा, फक्त पाणी उपसायचा पंप चालू ठेवा. अर्धा मीटर पाण्याखाली चार सेंटिमीटरचा एक पाइप निसटला तर मिनिटाला सव्वाशे-दीडशे लिटर पाणी आत येतं, आणि पंप बॅटरी असेतोवरच चालतो. प्रत्येक कॉकजवळ भोक बुजवायला निमुळती लाकडी खुंटी सुतळीने बांधून ठेवा; अंधारात ती शोधत बसायला वेळ नसतो. पंपाचा तरंगता स्विच हाताने उचलून बघा. माझा एकदा कचऱ्यात अडकून मुकाट पडला होता.

धक्क्यावरची वीज जोडताना आधी वायर बोटीला लावा, मग धक्क्याला, काढताना उलट. वायर गुंडाळी करून ठेवू नका, तापते. आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. विजेच्या अर्थिंगच्या तारेतून तुमची बोट शेजाऱ्यांच्या बोटींशी जोडली जाते आणि खाऱ्या पाण्यात तुमचा धातू झिजायला लागतो. जो जस्ताचा ॲनोड (बाकीचा धातू वाचावा म्हणून आधी स्वतः झिजणारा तुकडा) वर्षभर पुरायचा, तो माझ्याकडे चार महिन्यांत कुरतडलेल्या बिस्किटासारखा झाला. अर्थिंगच्या तारेतला हा झिजवणारा प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवला तेव्हा थांबलं. ॲनोड निम्मा झाला की बदला, संपायची वाट बघू नका.

आता परदेशी किनाऱ्यावर राहण्याचं. इथे माणसाचं आणि बोटीचं घड्याळ वेगवेगळं चालतं, आणि भले भले तिथेच फसतात. शेंगेन देशांत (आपसातल्या सीमांवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत) पाहुणा म्हणून कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. मालक युरोपीय संघाबाहेरचा रहिवासी असेल तर बोट मात्र तिथे कर न भरता १८ महिने राहू शकते. पण तुम्ही तिथले रहिवासी झालात की बोटीचं पाहुणेपण संपतं, आणि आयात शुल्क व मूल्यवर्धित कराचा प्रश्न दारात उभा राहतो. घर हलवताना सोबत आणलेल्या सामानाला सवलत असते, पण तिला अटी आहेत, मुदती आहेत. म्हणून रहिवासी परवान्याचा अर्ज करायच्या आधी कस्टम्सच्या खिडकीवर जाऊन या. आमच्या धक्क्यावरच्या एका जोडप्याने उलट क्रमाने केलं आणि वर्षभर फायली घेऊन फिरलं.

विम्याची पॉलिसी कुठल्या समुद्रापर्यंत लागू आहे तेही वाचा. कॅरिबियनकडे जायचा विचार असेल तर १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा मोसम, आणि त्या काळात बोट कुठे असावी यावर विमा कंपन्यांच्या अटी असतात.

बोटीवरच राहायचं असेल तर मरीनाला लेखी विचारा. बरीच मरीना बारा महिने राहू देत नाहीत, आणि पत्रव्यवहाराचा पत्ता म्हणून बर्थचा नंबर चालतोच असं नाही. होकार आला तरी राहतं घर इतक्यात विकू नका. ज्या गावावर उन्हाळ्यात जीव जडला, तिथे ऐन हिवाळ्यात सहा आठवड्यांचा बर्थ घ्या. बसच्या फेऱ्या किती उरतात, इस्पितळ किती लांब आहे, केबिनच्या छतातून सकाळी किती थेंब अंगावर पडतात, ते बघा.

आणि रात्री वारा सुटला की झोप लागते का तेही बघा. माझ्या पहिल्या हिवाळ्यात शीड वर ओढायचा दोर डोलकाठीवर टणटण आपटत होता. तीनदा उठून मी तो बांधून आले, तरी टणटण चालूच. चौथ्यांदा टॉर्च घेऊन गेले तेव्हा कळलं, आवाज शेजारच्या रिकाम्या बोटीचा होता. तिचा मालक जूनपर्यंत येणार नव्हता. मग त्याचाही दोर मीच बांधला.