वाढ्याच्या दिवसांत चाऱ्याबरोबर गोठ्यातला मिथेनही मोजा

कारखान्यांची धुराडी पेटली, की वाळवा, पलूस, कराडच्या रस्त्यांवर वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या दिसू लागतात. ऊसतोड टोळीकडून पेंढ्या घ्यायच्या, गव्हाणीत टाकायच्या, की हंगाम संपेपर्यंत चाऱ्याची काळजी मिटली, असं आपल्याकडे चालतं. जनावराचं पोट भरतं, हे खरं. पण त्या भरल्या पोटातून किती चारा मिथेन वायू होऊन हवेत जातो, याचा हिशेब यंदा एकदा तरी करा.

संध्याकाळी रवंथ करत बसलेल्या गाईजवळ पाच मिनिटं थांबा. डावी भकाळी हळूच हलते, मान जराशी ताणली जाते आणि आवाज न करता ढेकर सुटतो. मिथेन जातो तो इथून. मागच्या बाजूने जातो हा समज चुकीचा आहे, 90 टक्क्यांहून जास्त तोंडावाटेच जातो. कोटीपोटातले, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातले, जंतू चारा कुजवतात तेव्हा हायड्रोजन सुटतो आणि दुसरे जंतू त्याचा मिथेन करतात. चाऱ्यातली ती ताकद ना दुधात उतरते, ना अंगाला लागते.

हवेत गेलेला मिथेन साधारण 12 वर्षं टिकतो. तेवढ्यातही 100 वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट तापवतो, 20 वर्षांच्या हिशेबाने 80 पट. लवकर विरतो म्हणून आज कमी केलेल्याचा गुण आपल्याच हयातीत दिसेल. पाऊस बिघडला की काय होतं, हे आटपाडी-माणच्या दुष्काळी भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. चारा छावणीत दावं धरून उभं राहिलेल्याला ते ठाऊक आहे.

संशोधक गाईला बंद खोलीत ठेवून मिथेन मोजतात, किंवा कोटीपोटात खुणेच्या वायूची बारीक नळी सोडून गळ्यातल्या डब्यात श्वासाचे नमुने घेतात. आपल्याला चारा तोलायचा ताणकाटा पुरतो. आयपीसीसी या हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या पद्धतीत खाल्लेल्या ऊर्जेपैकी सरासरी 6.5 टक्के मिथेनमध्ये जाते असं धरतात. म्हणजे एक किलो कोरड्या चाऱ्यामागे सुमारे साडेएकवीस ग्रॅम मिथेन.

20 किलो वाढं, 4 किलो कडबा आणि 3 किलो पेंड-भुसा खाणारी संकरित गाय घ्या. ओल्या वाढ्यातलं पाणी वजा केलं तर कोरडं 6 किलो उरतं, कडब्याचं 3.6, पेंडीचं 2.7. एकूण 12.3 किलो, म्हणजे दिवसाला सुमारे 264 ग्रॅम मिथेन. रोज पाऊण किलोहून जास्त चाऱ्याची ताकद ढेकरात गेली. गाय 10 लिटर देत असेल तर लिटरमागे 26 ग्रॅम, तेवढंच खाऊन 6 लिटर देत असेल तर 44. वहीत हा लिटरमागचा आकडा लिहा. चारा आणि दूध सलग तीन दिवस तोला, उष्टावळ, म्हणजे गव्हाणीत उरलेला चारा, वजा करायला विसरू नका.

आता वाढ्याकडे. त्यात प्रथिनं कमी आणि ऑक्झलेट जास्त, जे चाऱ्यातला चुना (कॅल्शियम) धरून ठेवतं. म्हणून एकूण वैरणीत वाढं निम्म्याच्या वर जाऊ देऊ नका. कुट्टी करा, सोबत लसूणघास किंवा शेवरीचा पाला द्या, दुभत्या गाईला रोज किमान 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या. चारा बदलताना आठ-दहा दिवस घ्या, एकदम बदललात तर पोटफुगी होऊ शकते. पाटण-शिराळ्याकडे भाताचं पिंजर आहे, तिथे 100 किलो पिंजराला 4 किलो युरिया 40 ते 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडा, दाबून रचा आणि प्लास्टिकखाली 21 दिवस हवाबंद ठेवा. खायला घालण्याआधी पसरून वास जाऊ द्या. सहा महिन्यांखालच्या वासरांना हे पिंजर मुळीच नको, आणि युरियाचं पाणी कुठल्याच जनावराच्या तोंडाला लागू देऊ नका.

जनावरं कमी करा, हा सल्ला मला मान्य नाही. शेतीकामाच्या खिलारला दुधाच्या मापाने मोजणंही चूक. कमी करायचे ते भाकड दिवस. भाकड गाय 8 किलो कोरडा चारा खाते तेव्हाही 170 ग्रॅम मिथेन सोडतेच, आणि दूध शून्य. माज चुकला, गाय दोन महिने जास्त भाकड राहिली, तर 480 किलो चारा आणि 10 किलो मिथेन फुकट गेला. व्यायल्यावर दोन महिन्यांनी सकाळ-संध्याकाळ माजाकडे लक्ष ठेवा. गव्हाणीजवळ तारखेचा कागद लावलेला बरा.

शेणाचा वाटा ढेकरापेक्षा बराच कमी, पण पाणी साचलेल्या उकिरड्यात तो वाढतो. गोबरगॅस असेल तर सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले तर तिथून तुमचं जळण निसटतंय.