पुरीला रथाचा दोर धरायचा असेल तर

आषाढ शुद्ध द्वितीयेला पुरीत जगन्नाथाच्या रथयात्रेत रथाच्या दोराला हात लावताना धर्म किंवा देश कोणी विचारत नाही. जगन्नाथ मंदिरात मात्र फक्त हिंदूंनाच प्रवेश आहे. सोबत परदेशी मित्र असतील तर त्यांना हे निघण्याआधीच सांगा.

पुरीचे राजे गजपती महाराज यांनी सोन्याच्या मुठीच्या झाडूने रथ झाडले, की मग ओढणं सुरू होतं. आधी बलभद्रांचा तालध्वज, मग सुभद्रेचा दर्पदलन, शेवटी जगन्नाथाचा १६ चाकी नंदिघोष.

दोराच्या बाहेरच्या बाजूला, रथापासून लांब उभे राहा. दोन दोरांच्या मधे किंवा चाकांजवळ मुळीच जाऊ नका. एवढं अवजड धूड झटकन थांबत नाही. दोर मनगटाला गुंडाळू नका, क्षणात सोडता आला पाहिजे. खाली पडलेली चप्पल किंवा मोबाईल उचलायला वाकू नका, गेलं तर जाऊ द्या. लहान मुलांना दोराकडे नेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सूर्यास्ताला रथ वाटेत असला तर तिथेच थांबतो आणि दुसऱ्या दिवशी पुढे निघतो. म्हणून परतीचं तिकीट दुसऱ्याच दिवसाचं काढू नका. दशमीला रथ गुंडिचा मंदिराहून जगन्नाथ मंदिराकडे परत निघतात, ती बाहुडा यात्रा. एकादशीला, म्हणजे आपल्या आषाढीलाच, देव रथावरच सोन्याचे दागिने लेवून बसतात.