जर्मनीचं ऑनसाइट: हो म्हणण्याआधी काय तपासावं

पुण्यातल्या आयटी किंवा इंजिनिअरिंग कंपनीत ऑनसाइटचा, म्हणजे काही काळ परदेशातल्या शाखेत किंवा क्लायंटकडे जाऊन काम करण्याचा, निरोप बहुधा फोनवरच येतो. "स्टुटगार्टला जायचंय, दीड वर्ष, शुक्रवारपर्यंत सांग." अशा वेळी युरोच्या आकड्याला शंभराने गुणून खूश होऊ नका. नेमणूक फायद्याची ठरते की नाही, हे दोन गोष्टींवर अवलंबून असतं: नेमणुकीच्या पत्रात काय लिहिलंय, आणि जाण्यायेण्याच्या तारखा कोणत्या. म्हणून मॅनेजरला लगेच होकार किंवा नकार देऊ नका. "पत्राचा मसुदा पाठवा, वाचून तीन दिवसांत सांगतो," एवढंच सांगा.

पगार कोण देणार?

पहिला प्रश्न हाच. तुम्ही भारतातल्या कंपनीचेच नोकर राहून तिकडच्या शाखेत जाणार असाल, तर साधारणपणे आयसीटी कार्ड, म्हणजे कंपनीतल्या कंपनीत बदली होऊन येणाऱ्यांचा परवाना, लागतं. ९० दिवसांहून मोठ्या नेमणुकीसाठी ते मिळतं आणि तज्ज्ञ किंवा मॅनेजरला जास्तीत जास्त तीन वर्षं चालतं. त्याआधी कंपनीत सलग सहा महिने नोकरी झालेली हवी. मुदत संपल्यावर पुन्हा हेच कार्ड हवं असेल, तर मधे सहा महिन्यांचं अंतर पडावं लागतं. जर्मन शाखेचा स्थानिक करार करून ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, जाणं हा दुसरा रस्ता. तो कायमच्या वास्तव्याकडे जातो: जर्मन भाषेची बी-१ (मध्यम) पातळी असेल तर २१ महिन्यांनी अर्ज करता येतो, ए-१ (अगदी सुरुवातीची) असेल तर २७ महिन्यांनी. पण भारतातली नोकरी तिथे थांबते. परत यायचंच असेल तर पहिला रस्ता बरा, तिकडे राहायची इच्छा असेल तर दुसरा. कंपनी या दोहोंची भेसळ करून सांगत असेल, तर स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

"व्हिसाला वेळ लागेल, तोवर बिझनेस व्हिसावर जा," असं कुणी म्हटलं तर नकार द्या. त्या व्हिसावर बैठकांना बसता येतं, क्लायंटकडे रोजचं काम करत बसता येत नाही. पकडलं गेलं तर शिक्का तुमच्या पासपोर्टवर बसतो, मॅनेजरच्या नाही.

एक कागद, महिना ४६५ युरो

जर्मनीत पगाराच्या १८.६ टक्के पेन्शनसाठी कापतात. त्यातला निम्मा, म्हणजे ९.३ टक्के वाटा कर्मचाऱ्याचा. महिना ५,००० युरो पगारावर हे ४६५ युरो होतात. भारत आणि जर्मनीतला सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. त्याप्रमाणे भारतीय कंपनीने पाठवलेल्या माणसाचा पीएफ इकडेच चालू राहतो आणि ४८ महिन्यांपर्यंत तिकडची पेन्शन कपात टळते. त्यासाठी पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओ या सरकारी संस्थेकडून 'सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज' घ्यावं लागतं. अर्जात कंपनीचा सहभाग लागतो, म्हणून विमानात बसण्याआधीच ते हातात घ्या. हे काम "पोचल्यावर बघू" म्हणून सुटतं आणि कपात सुरू होते. स्थानिक करारावर ही सूट मिळत नाही. तिथे भरलेला स्वतःचा वाटा परत मागता येतो, पण भरणा पाच वर्षांहून कमी असेल तरच, आणि युरोपीय संघ सोडून २४ महिने झाल्यावर.

आरोग्य विमा या करारात येत नाही, तो वेगळा बघावा लागतो. जर्मनीच्या सरकारी योजनेत न कमावणारी बायको किंवा नवरा आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात. खासगी विम्यात प्रत्येकाचा हप्ता वेगळा. कंपनी नुसती ट्रॅव्हल पॉलिसी देत असेल तर जुने आजार, बाळंतपण आणि दात यांच्यासाठी काय लिहिलंय ते पानोपान वाचा.

हातात किती राहील

एकट्याने गेलात, पगार महिना ५,००० युरो, पेन्शन कपात धरली, तर हातात साधारण ३,१०० युरो येतात. त्यातून वीज-पाणी-हीटिंग धरून भाडं १,२०० (म्युनिकमध्ये एवढ्यात भागणं अवघड), किराणा ३५०, फोन-इंटरनेट आणि दर घरामागे भरावी लागणारी १८.३६ युरोची रेडिओ-टीव्ही वर्गणी मिळून ८०, देशभर चालणाऱ्या बस-लोकलच्या डॉइचलँड तिकिटाचे ६३ (जानेवारी २०२६ पासूनचा दर) आणि बाकी किरकोळ ३०० काढा. उरतात अकराशेच्या आसपास. हा आकडा तुम्ही पुण्यात आज महिन्याला जे शिल्लक टाकता त्याच्याशी ताडून बघा. पुण्याच्या एकूण पगाराशी ताडणं हीच नेहमीची चूक.

सुरुवातीच्या खर्चाने ही शिल्लक चार महिने तरी खाल्ली जाते. घरमालक डिपॉझिट म्हणून 'काल्टमिटे'च्या, म्हणजे हीटिंग वगळून असलेल्या भाड्याच्या, तिपटीपर्यंत रक्कम मागू शकतो. काल्टमिटे ९५० असेल तर २,८५० युरो. कायद्याने ती तीन मासिक हप्त्यांत देता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. रिकामं घर भाड्याने घेतलं तर पुष्कळदा स्वयंपाकघराचा ओटा आणि कपाटंही नसतात. म्हणून एक वर्षाच्या आतली नेमणूक असेल तर महाग वाटलं तरी सामानासकट घर घ्या.

बायको किंवा नवरा जर्मनीतच राहायला येणार असेल, तर पगारातून किती कर कापायचा ते ठरवणारा करवर्ग एकऐवजी तीन मिळू शकतो आणि वरच्या पगारावर महिना चारशेच्या आसपास युरो हातात जास्त येतात. जोडीदार पुण्यातच राहणार असेल तर हे मिळत नाही, वर दोन घरांचा खर्च.

तारखांचा खेळ

इथे सर्वांत जास्त पैसा जातो, आणि इथेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक जाण्याच्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांहून कमी राहिला, तर तो त्या वर्षी करासाठी अनिवासी ठरतो. निघण्याचा दिवसही सहसा भारतातला धरतात, म्हणून १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरपर्यंत उडायला हवं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात गेलात, तर मार्चपर्यंतचा जर्मन पगार भारतीय विवरणपत्रात दाखवावा लागतो आणि तिकडे भरलेल्या कराची सवलत मागत बसावं लागतं. दहा दिवस अलीकडे सरकता येत असेल तर सरका.

परतीचं गणित वेगळं आहे. १८२ दिवसांची सवलत जाण्याच्या वर्षापुरतीच. कायमचं परतलात आणि त्या वर्षात भारतात ६० दिवस भरले, तर आधीच्या चार वर्षांत ३६५ दिवस इथे काढले असल्यास तुम्ही निवासी ठरता. दीड-दोन वर्षं बाहेर राहिलेल्यांचे ते दिवस बहुतेक भरलेलेच असतात. म्हणून जानेवारीत परतण्याऐवजी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात परतलं, तर वर्षभराचा जर्मन पगार भारतीय करातून वाचू शकतो. मात्र त्याच आर्थिक वर्षात गणपतीला किंवा दिवाळीला सुट्टीवर आलेले दिवसही या साठात मोजतात. तारीख पक्की करण्याआधी सीएला विचारा.

सहा महिन्यांची नेमणूक असेल तर भारत-जर्मनी करकरारातला १८३ दिवसांचा नियम पुढे येतो. जर्मनीत १८३ दिवसांहून जास्त राहिला नाहीत, पगार भारतीय कंपनीने दिला आणि त्याचा बोजा जर्मन शाखेवर पडला नाही, तर तिकडे कर लागत नाही. या तिन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात. पगाराचा खर्च आतल्या आत जर्मन शाखेकडून वसूल होत असेल तर सूट जाऊ शकते. दिवस मोजून निर्धास्त राहणारे इथे फसतात. कर लागलाच तर तो कंपनी भरेल, हे वाक्य पत्रात हवं.

पत्रात ही वाक्यं शोधा

परतीच्या तिकिटापेक्षा महत्त्वाचं आहे ते परतीचं पद. कोणत्या पदावर, किती पगारावर घेतील, मधल्या काळातलं अप्रेझल कोण करील आणि सेवा ग्रॅच्युइटीसाठी सलग धरली जाईल का, हे लेखी घ्या. प्रोजेक्ट चौथ्या महिन्यात बंद पडलं तर काय, हेही. जर्मनीत भाडेकरूला घर सोडायला सहसा तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ते भाडं कंपनीने द्यावं.

बाँड, म्हणजे ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरण्याची अट, असेल तर रक्कम आणि मुदत बघा. "बाँड कोर्टात टिकत नाही" या बोलण्यावर विसंबू नका. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. परतल्यावर वर्षभर नोकरी सोडायची नाही, ही अट मान्य असेल तरच सही करा; शक्य असेल तर जितकी सेवा झाली तितकी रक्कम कमी होत जाईल, असं लिहून घ्या.

घरचा प्रश्न

आयसीटी कार्डधारकाच्या जोडीदाराला तिकडे काम करायची परवानगी मिळते, पण भाषेशिवाय नोकरी मिळणं कठीण. इकडची नोकरी सोडून यायचं असेल तर त्या नोकरीचा पगार वरच्या शिलकीतून वजा करा. उत्तर पुष्कळदा तिथेच मिळतं. मुलं सहा वर्षांची झाली की शाळा सक्तीची, घरी शिकवणं चालत नाही. सरकारी शाळा फुकट पण जर्मनमधून. म्हणून आठवी-नववीतल्या मुलाला वर्षभरासाठी नेऊ नये, पहिली-दुसरीतलं मूल मात्र भाषा पटकन उचलतं. आई-वडिलांना शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या अल्प मुदतीच्या व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. त्यांच्या आजारपणाची जबाबदारी तुमच्यावर असेल, तर इकडे कोण धावून जाईल त्याचं नाव ठरल्याशिवाय होकार देऊ नका.

जायचं ठरलंच, तर लग्नाच्या दाखल्यावरचं आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते आजच बघा. माहेरचं आडनाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे, यावरून जोडीदाराचा व्हिसा महिनोनमहिने अडकतो. बँकेत सांगून आत्ताचं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं रुपयांतलं खातं, करून घ्या. पोचल्यावर घरमालकाच्या सहीचा फॉर्म घेऊन दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करा; करक्रमांक त्यानंतरच घरी येतो. आणि परत निघताना जर्मन बँकेचं खातं लगेच बंद करू नका. डिपॉझिट काही महिन्यांनी येतं, आणि अर्धंच वर्ष कमावलेल्या माणसाचा बराच कर विवरणपत्र भरल्यावर त्याच खात्यात परत मिळतो.