ओर्व्हिएतोला जाताय? कथीड्रल दुपारनंतर बघा

रोमहून एका दिवसात ओर्व्हिएतो करणार असाल तर उतरल्या उतरल्या कथीड्रलकडे धावू नका. स्टेशन खाली आणि गाव वर कड्यावर, समोरच फ्युनिक्युलर (दोराने चढावर ओढली जाणारी छोटी रेल्वे) मिळते, ती वर जिथे सोडते तिथून अगदी जवळ सान पात्रित्सिओची विहीर आहे, ती आधी उरकून घ्या. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट इथे पळून आला आणि वेढा पडला तर पाणी हवं म्हणून ही खोदायला घेतली, खोली सुमारे ५३ मीटर, पायऱ्या २४८, आणि गंमत म्हणजे उतरायचा जिना वेगळा, चढायचा वेगळा, त्यामुळे पाणी आणणारी खेचरं एकमेकांना आडवी येत नसत. गुडघे कुरकुरत असतील तर नुसतं वरून डोकवा.

कथीड्रलचं तोंड पश्चिमेकडे, दर्शनी भिंतीवरचं सोनेरी मोझेक खरं चमकतं ते उन्हं कलल्यावर. आत सान ब्रित्सिओ चॅपल सोडू नका हं, तिथे चित्रकार सिन्योरेल्लीच्या अँटिख्राइस्टच्या (ख्रिस्ताचं सोंग घेणारा त्याचा शत्रू) चित्रात डाव्या कोपऱ्यात काळ्या कपड्यांतले दोघं शोधा, एक सिन्योरेल्ली स्वतः, दुसरा साधू-चित्रकार फ्रा अँजेलिको. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, बॅगेत एक ओढणी टाकाच.