लेन्स बसली म्हणजे चालली असं नाही! मिररलेससाठी लेन्स घेताना या चुका टाळा

लग्नसराई जवळ आली की दर आठवड्याला एक तरी फोन येतोच. "सर, लेन्स घेतली, पण बसतच नाहीये." नाहीतर, "बसली, पण फोकस होत नाही." कॅमेरा निवडायला दोन महिने घालवलेले असतात आणि लेन्स मात्र रात्री अकराला ऑफर दिसली म्हणून मागवलेली असते. ऐकून जीव तुटतो, कारण यातली जवळपास प्रत्येक चूक पाच मिनिटं थांबलं तर टळते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे, "कॅननचा कॅमेरा आहे, मग कॅननची लेन्स चालेलच की." कंपनीचं नाव बघू नका, माउंट बघा, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याच्या बॉडीला जिथे अडकते ते कडं. १९८७ पासूनचा ईएफ माउंट डीएसएलआरचा, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांचा. २०१२ मध्ये आलेला ईएफ-एम हा एम५० सारख्या छोट्या मिररलेसचा, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचा. २०१८ चा आरएफ आजच्या आर५०, आर१० वगैरेंचा. ईएफ लेन्स कॅननचा अडॅप्टर लावून आरएफ बॉडीवर ऑटोफोकससकट छान चालते. म्हणून लोक समजतात की ईएफ-एमही चालेल, आणि स्वस्तात मिळाली म्हणून उचलतात.

ती चालत नाही, आणि त्यामागचं कारण एकदा समजलं की आयुष्यभर विसरणार नाही. माउंटच्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. ईएफला ते ४४ मिमी, आरएफला २० मिमी. मधली २४ मिमी जागा अडॅप्टर भरून काढतो. आतून तो जवळपास पोकळ नळीच असतो. ईएफ-एमचं अंतर १८ मिमी. म्हणजे ती लेन्स आरएफ बॉडीत २ मिमी आत शिरायला हवी. अडॅप्टर लेन्सला पुढे नेतो, आत ढकलू शकत नाही. डीएसएलआरची लेन्स मिररलेसवर लागते पण मिररलेसची डीएसएलआरवर लागत नाही, तेही याच हिशोबाने.

बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्स घेताना तर खोक्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचा. सिग्माची १६ मिमी एफ/१.४ ही एकच लेन्स सात वेगवेगळ्या माउंटमध्ये निघाली आहे, आणि फोटोत सातही सारख्याच दिसतात.

आता माझ्या डोक्यातून न जाणारी चूक. लेन्स बसते, कॅमेरा ती ओळखतो, ॲपर्चर म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्रही लहानमोठं होतं, आणि फोकसची मोटरच नसते.

साताऱ्यात एक लग्न होतं. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलाला मी नवरीची बाजू दिली होती. त्याच्याकडे निकॉनचा मिररलेस झेड५० आणि त्यावर डीएसएलआरच्या लेन्स लावायचा एफटीझेड अडॅप्टर. दोनच दिवस आधी त्याने सेकंडहँड ८५ मिमी एफ/१.८ घेतली होती, जुनी डी मालिकेतली. काच अगदी स्वच्छ, भाव चांगला. घरी स्टुलावरच्या तांब्याचे फोटो काढून बघितले, तेही छान आले. फोकस हाताने फिरवावा लागतोय याचं त्याला काही वाटलं नाही. सेटिंगमध्ये काहीतरी असेल, बघू नंतर, असं म्हणून तो मोकळा झाला.

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, नवरीने हार घालायला हात उचलले. अडीच मीटरवरून एफ/१.८ ला, म्हणजे ॲपर्चर पूर्ण उघडं असताना, जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. माणूस हलतो, गर्दी धक्के देते, तिथे हाताने फोकस धरायला वर्षांची सवय लागते. संध्याकाळी आम्ही फोटो पाहिले. नवरीच्या मागे उभ्या असलेल्या मामांच्या फेट्याची घडीन् घडी दिसत होती, आणि नवरीचा चेहरा धूसर. ओळीने अकरा फ्रेम तशाच. तो मुलगा जेवला नाही.

दोष लेन्सचा नव्हता. त्या लेन्समध्ये मोटर नसतेच. ती बऱ्याच डीएसएलआरच्या बॉडीत असते आणि माउंटवरच्या एका बारीक खाचेतून लेन्स फिरवते. लेन्स उलटी धरा. धातूच्या कड्यावर स्क्रूच्या डोक्यासारखी खाच दिसली आणि नावात एएफ-एस किंवा एएफ-पी नसलं, तर एफटीझेडवर ऑटोफोकस मिळणार नाही. पोर्ट्रेट निवांत काढायचं असेल तर जरूर घ्या, सुंदर लेन्स आहे. लग्नात नको. तेव्हापासून सोबत येणाऱ्या प्रत्येकाची बॅग मी आदल्या दिवशी स्वतः उघडून बघतो.

फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या बॉडीवर क्रॉपची, म्हणजे छोट्या सेन्सरसाठी बनवलेली लेन्स लावली की २४ मेगापिक्सेलचे साधारण १० उरतात. सोनीत तर दोन्हींचं माउंट एकच, त्यामुळे नावात 'एफई' आहे की नुसतं 'ई' हे बघाच. आणि क्रॉप बॉडीवर ५० मिमीची लेन्स ७५-८० सारखी वागते. दहा बाय बाराच्या खोलीत बारसं असेल तर पाठ भिंतीला टेकली तरी पाळणा आणि आत्या एका फ्रेममध्ये येणार नाहीत.

आठशे-हजाराचा, आत एकही पितळी पिन नसलेला अडॅप्टर फक्त जुन्या, ॲपर्चरची रिंग असलेल्या मॅन्युअल लेन्ससाठी घ्या. त्यावर कॅननची ईएफ लेन्स लावली तर पिनशिवाय बॉडीचा संदेशच लेन्सला पोचत नाही, त्यामुळे ॲपर्चर बदलताच येत नाही. मेनूत 'लेन्सशिवाय शटर' चालू करावं लागतं ते वेगळंच.

बॉडीत स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी चित्र स्थिर ठेवायची सोय नसेल, जसं आर५०, झेड५० किंवा ए६४०० मध्ये नाही, तर व्हिडिओसाठी ते लेन्समध्ये हवंच.

दुकानात स्वतःची बॉडी घेऊन जा, चार्ज केलेली. माझा क्रम ठरलेला आहे: लेन्स लावायची, खट् आवाज ऐकायचा, कॅमेरा चालू करायचा आणि आधी स्क्रीनवरचा ॲपर्चरचा आकडा बघायचा. तिथे नुसत्या रेघा किंवा शून्य दिसलं, तर लेन्स आणि बॉडीचं बोलणं होत नाहीये. आकडा दिसला तर शटर अर्धं दाबून आधी काउंटरवर, मग रस्त्यापलीकडच्या पाटीवर फोकस करायचा. तो आपोआप गेला की मगच किमतीचं बोलायचं.