दमा आटोक्यात का येत नाही? या चुका टाळा

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले, की वाळवा, पलूस, कराड या ऊसपट्ट्यात वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे कण दिसू लागतात, तोडणी झालेल्या फडांतले पाचट पेटवले जाते आणि ज्यांचा दमा पावसाळ्यानंतर जरा शांत झालेला असतो त्यांची छाती पुन्हा वाजू लागते. धुराला दोष देणे रास्तच आहे. तरीही त्याच गावात, त्याच धुरात राहून हंगाम सुखाने काढणारे दम्याचे रुग्णही असतात, आणि त्यांच्याकडे काही वेगळे जालीम औषध असते असे नाही. औषध कधी घेतले, कसे ओढले आणि कधी सोडून दिले, यावर पुष्कळसे ठरते.

बरे वाटले म्हणून पंप बंद करणे

दम्यात तीन गोष्टी एकदम घडतात: श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज येते, त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि चिकट कफ साठतो. साल्ब्युटामॉलचा पंप आवळलेले स्नायू काही मिनिटांत सैल करतो. त्याचा परिणाम चार ते सहा तास टिकतो, पण सुजेला तो हातही लावत नाही. सूज उतरवते ते श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉईड, आणि त्याचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. ओढल्याबरोबर काहीच जाणवत नसल्याने नेमका हाच पंप कपाटात पडून राहतो आणि साल्ब्युटामॉलचा मात्र खिशात फिरतो. दम्यासंबंधी जगभर मानली जाणारी ‘जिना’ची (ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा) मार्गदर्शक तत्त्वे 2019 पासून स्पष्ट सांगतात, की प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांनी स्टेरॉईडशिवाय केवळ साल्ब्युटामॉलवर भागवू नये. वर्षात साल्ब्युटामॉलचे तीन किंवा अधिक पंप संपत असतील, तर जोराचा झटका येण्याचा धोका वाढलेला आहे असे समजावे.

‘पंपाची सवय लागते’ ही भीती घरोघरी ऐकू येते. ब्युडेसोनाइड या पंपातल्या स्टेरॉईडच्या एका नेहमीच्या पफमध्ये 200 मायक्रोग्रॅम औषध असते. प्रेडनिसोलोन या पोटात घ्यायच्या स्टेरॉईडच्या 5 मिलिग्रॅमच्या एका गोळीत 5000 मायक्रोग्रॅम, आणि तेही सबंध शरीरात फिरणारे. गंमत अशी, की पंपातल्या स्टेरॉईडला घाबरणारी माणसे धाप वाढली की स्टेरॉईडचे इंजेक्शन मात्र आपणहून मागून घेतात. अशी इंजेक्शने आणि गोळ्या वारंवार घेत राहिल्यास साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे, मोतीबिंदू हे त्रास संभवतात. पंपाचे औषधही मोठ्या मात्रेत वर्षानुवर्षे घेणे सर्वथा निर्धोक नाही; म्हणूनच दमा सुमारे तीन महिने पूर्ण शांत राहिला, की डॉक्टर मात्रा पायरीपायरीने उतरवतात. ती आपल्या मनाने उतरवू नये, आणि ऐन गाळप हंगामाच्या तोंडावर तर नाहीच.

औषध घशातच राहणे

पंप नियमाने घेऊनही गुण नसेल, तर मात्रा वाढवण्याआधी रुग्णाला डॉक्टरांसमोर पंप घेऊन दाखवायला सांगावे. दाबायच्या पंपाची रीत अशी: पंप हलवावा, ताठ बसून छातीतला श्वास सावकाश बाहेर सोडावा, ओठ तोंडपट्टीभोवती घट्ट मिटावेत, श्वास आत घ्यायला सुरुवात करतानाच एकदा दाबावे आणि चार-पाच सेकंद संथपणे ओढत राहावे, मग दहा सेकंद श्वास रोखून धरावा. दुसरा पफ अर्ध्या ते एका मिनिटाने. दाबणे आणि ओढणे यांचा मेळ चुकला की औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आदळते आणि तिथेच राहते.

कॅप्सूलच्या पंपाचे नेमके उलटे आहे: त्यातली पूड उडून आत जाण्यासाठी पहिल्या क्षणापासून जोरात आणि खोल ओढावे लागते. त्यात फुंकर मात्र मारू नये, पूड ओलसर होऊन चिकटते. एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारावर गेलेले रुग्ण जुन्याच सवयीने ओढतात, हे फार वेळा घडते आणि फार कमी वेळा विचारले जाते.

लहान मुले आणि वयस्कर माणसे यांच्यासाठी स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचे पोकळ नळकांडे, हाच सरळ उपाय. तो साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवावा. फडक्याने पुसला तर आत स्थिर वीज तयार होऊन औषधाचे कण भिंतींना चिकटतात. स्टेरॉईडचा पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरून ती थुंकून टाकावी, म्हणजे तोंडात पांढरे चट्टे येणे आणि आवाज बसणे टळते.

आपल्या कामातला धूर न ओळखणे

पाचटाचा धूर डोळ्यांना दिसतो, म्हणून लक्षात राहतो. तासगावच्या बेदाणा शेडवर मात्र बेदाण्याला रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. तिच्यातला सल्फर डायऑक्साइड दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका काही मिनिटांत आवळून टाकतो. सांगली परिसरात वाळलेली हळद ड्रममध्ये घालून पॉलिश करतात तेव्हा उडणारी धूळ, रस्त्याकडेच्या गाजर गवताचे पराग, महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसाळी ओलीत भिंतींवर येणारी बुरशी, हीही त्याच यादीतली आहेत. सुट्टीच्या दिवशी किंवा परगावी गेल्यावर श्वास मोकळा होतो का, हे डॉक्टरांना जरूर सांगावे. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ थोडीफार अडवतो, पण वायू अडवत नाही. तेव्हा धुरी चालू असताना आणि नंतर शेड उघडून हवा खेळती होईपर्यंत रुग्णाने आत जाऊच नये.

प्रत्येक धापेला दमा म्हणणे

वर्षानुवर्षे चुलीपुढे बसलेल्या, कधीही विडी न ओढलेल्या आजींना साठीनंतर लागणारी धाप पुष्कळदा दम्याची नसून सीओपीडी या फुफ्फुसांच्या दीर्घकालीन आजाराची असते. दम्यात नळ्या कधी आवळतात, कधी मोकळ्या होतात. सीओपीडीत अडथळा कायमचा राहतो आणि हळूहळू वाढतो. छातीचा एक्स-रे दम्यात बहुधा स्वच्छच येतो, त्यामुळे ‘फोटोत काही नाही’ या शब्दांवर निर्धास्त होऊ नये. खरा उपयोग स्पायरोमेट्रीचा: यंत्रात जोराने श्वास सोडायचा, मग नळ्या मोकळ्या करणारे औषध घेऊन पुन्हा सोडायचा, आणि पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा प्रौढांमध्ये 12 टक्क्यांहून आणि 200 मिलिलिटरहून अधिक वाढली तर दम्याकडे बोट जाते.

साचलेल्या, बुरशी धरलेल्या बगॅसजवळ (उसाच्या चोथ्याजवळ) काम करणाऱ्याला काही तासांनी ताप, खोकला आणि धाप येत असेल, तर तो बगॅसोसिस हा फुफ्फुसांचा निराळाच आजार असू शकतो. आडवे पडताच धाप लागणे आणि पायांवर सूज येणे हे हृदयाकडे बघायला सांगते. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल, तर थुंकीची क्षयरोगासाठी तपासणी करावी.

इतर औषधे लपवणे

कोजागिरीच्या रात्री दुधातून मिळणारे दम्याचे औषध अनेक घरांत श्रद्धेने घेतले जाते. त्याच्या भरवशावर पंप बंद करण्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. बिनलेबलच्या पुड्यांत छुपे स्टेरॉईड सापडल्याचे प्रकारही घडलेले आहेत. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी काही रुग्णांचा दमा भडकतो; काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबही झटका आणू शकतात, आणि डोळ्यांच्या थेंबांचा छातीशी संबंध असेल हे रुग्णाच्या ध्यानीमनीही नसते.

झटक्यात वाट पाहणे

एका दमात वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर पडत असतील, बोटाला लावलेला ऑक्सिमीटर 92 च्या खाली जात असेल, तर वाफ देण्यात वेळ घालवू नये. माणूस थकलेला आहे आणि छातीतली घरघर मात्र अचानक थांबली आहे, हे बरे होण्याचे चिन्ह समजू नये. हवा आत जाणेच बंद होत चालल्याची ती खूण असते. रुग्णाला बसते ठेवावे, स्पेसरमधून साल्ब्युटामॉलचे चार ते दहा पफ एकामागून एक द्यावेत, गरजेप्रमाणे पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी पुन्हा द्यावेत आणि दरम्यान 108 ला फोन लावावा. पाटण किंवा जावळीच्या डोंगरातल्या वाड्यांतून सातारा-कराड गाठायला वेळ लागतो. तिथल्यांनी रात्र सरण्याची वाट न पाहता लवकर निघावे आणि वाटेतही पफ चालू ठेवता यावेत म्हणून पंप व स्पेसर सामानात न टाकता सोबतच्या माणसाच्या हातात द्यावेत.